बाबा म्हणतात शंभर, फोन म्हणतो वीस: बँकेच्या शेअरचा जुना भाव कुठला धरायचा?

खिडकीजवळची
आमच्या घरात चार दिवस अबोला आहे आणि त्याला कारण स्टेट बँक आहे.

बाबांनी १९९३-९४ च्या पब्लिक इश्यूत स्टेट बँकेचे ५० शेअर घेतले होते, १०० रुपयांनी एक. पाच हजार रुपये. आई अजूनही म्हणते की ते पैसे फ्रीजचे होते. शेअर केव्हाच डिमॅट झालेत, पडून आहेत. परवा जेवणं झाल्यावर मी सहज फोनवर आलेख उघडला आणि बोटाने पार मागे सरकवत नेला. १९९८-९९ च्या आसपास रेषा कुठे, तर वीस रुपयांच्या अल्याडपल्याड! मी म्हटलं, "बाबा, शंभराला घेतलेलं चार-पाच वर्षांत वीसवर आलं होतं, आणि तुम्ही आम्हाला कधी बोलला नाहीत?" बाबा म्हणाले, "वीस? माझ्या देखत तो कधी वीस झालेला नाही." मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा काढून टीपॉयवर ठेवला आणि बातम्या लावल्या. तेव्हापासून माझ्याशी संवाद आईमार्फत.

तर मंडळी, खरं कोण, बाबा की फोन? आणि दुसरं जरा गंभीर: आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी यातले काही शेअर विकायचेत. नफ्यावर कर भरताना खरेदीचा भाव म्हणून शंभर लिहायचे, की फोनवर दिसतं ते?

अळूवडी
बाबा बरोबर. फोनही बरोबर. आधी चष्मा हातात द्या आणि माफी मागा.

हिशेबनीस
नोव्हेंबर २०१४ मध्ये स्टेट बँकेच्या शेअरचं स्प्लिट झालं. दर्शनी किंमत (शेअरवर छापलेला आकडा) १० रुपयांची १ रुपया झाली, म्हणजे एका शेअरचे दहा झाले आणि भाव एका रात्रीत एक दशांश. आदल्या दिवशी तीन हजारांच्या जवळ असलेला शेअर दुसऱ्या दिवशी तीनशेच्या जवळ. कुणाचाही रुपया गेला नाही, आला नाही.

आता आलेख काढणाऱ्यापुढे प्रश्न असा की रेषा त्या दिवशी कड्यावरून पडल्यासारखी दाखवायची का. तशी दाखवली तर बघणाऱ्याचं काळीज थांबेल. म्हणून २०१४ च्या आधीचे सगळे भाव दहाने भागून ठेवतात. १९९८ मध्ये बाबांनी पेपरात दोनशे वाचला असेल, तोच तुमच्या फोनवर वीस. आणि त्यांचे शंभर त्या मोजपट्टीवर दहा. म्हणजे वीस हा तोटा नव्हता, दुप्पट होता!

शेवगा
म्हणजे ५० चे ५०० झाले असणार. डिमॅटचं स्टेटमेंट बघा बरं.

खिडकीजवळची
५०० च आहेत. मला वाटायचं मधे कधीतरी बाबांनी आणखी घेतले असतील.
(@अळूवडी, चष्मा दिला. माफीचं शेंगदाण्याची चटणी करून बघते.)

तिरकस
आता एक अप्रिय मत. बँकेच्या शेअरचे जुने भाव बघणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. भाव म्हणजे त्या दिवशी दोन माणसं ज्या आकड्यावर राजी झाली तो आकडा. त्यामागे बँकेची पुस्तकी किंमत किती होती, थकीत कर्जं किती होती, हे शेजारी ठेवल्याशिवाय त्या रेषेला काडीचा अर्थ नाही. कारखान्याचं यंत्र गंजलं तर डोळ्यांना दिसतं. बँकेचं कर्ज गंजलेलं कळायला रिझर्व्ह बँकेला २०१५-१६ मध्ये खास तपासणी लावावी लागली. त्याआधीची पुस्तकं स्वच्छ दिसत होती आणि भावही त्याच पुस्तकांवर ठरत होते.

कँडलवाला
@तिरकस, अर्धंच पटलं. पुस्तकं खोटं बोलत असतात तेव्हा भावच आधी कुजबुजायला लागतो. स्टेट बँकेचा २०१० च्या नोव्हेंबरातला उच्चांक ३५०० च्या वर, आजच्या मापाने ३५१ धरा. त्यानंतर किती वेळा तो त्या पातळीशी येऊन परत फिरला ते आलेखात बघा. ऑक्टोबर २०१७ मध्ये सरकारने बँकांना २.११ लाख कोटींचं भांडवल जाहीर केलं, दुसऱ्या दिवशी शेअर एका झटक्यात २७ टक्के वर गेला, आणि तरी तिथेच अडला. २०१९ मध्ये थोडा पलीकडे डोकावला, तर २०२० च्या मे महिन्यात दीडशेच्या आसपास. कायमचा पार व्हायला २०२१ उजाडलं. दहा वर्षं एका आकड्याशी झुंज! याला अर्थ नाही कसं म्हणता?

तिरकस
अर्थ आहे, पण तुम्ही काढताय तो नाही. त्या दहा वर्षांत तो "तोच" शेअर राहिलाच नव्हता. २०१०-११ मध्ये बँकेचे साडेत्रेसष्ट कोटी शेअर होते, स्प्लिटच्या मापाने ६३५ कोटी. २०१८ पर्यंत ८९२ कोटी झाले. सरकारने भांडवल घातलं, बाजारातून उभं केलं, एप्रिल २०१७ मध्ये सहयोगी बँका आत आल्या तेव्हा त्यांच्या भागधारकांना शेअर दिले. २०२५ च्या जुलैत ८१७ रुपयांनी पंचवीस हजार कोटी उभे केले, ते आणखी वेगळे. भाव ३५१ चा ३५१ दिसला तरी सगळ्या बँकेची बाजारातली किंमत चाळीस टक्क्यांनी वाढलेली होती. आलेख ताटातली पोळी दाखवतो, जेवायला किती जण बसलेत ते दाखवत नाही.

कँडलवाला
पोळीवर आलात म्हणजे भूक लागली असणार. उद्या बोलू.

मध्यरात्रीचा चहा
हा धागा वाचता वाचता आमच्या मेहुण्याची आठवण झाली. २०२५ च्या ऑगस्टात एचडीएफसी बँकेने पहिल्यांदाच बोनस दिला, एकास एक, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक फुकट. त्या सकाळी मेहुण्याचा फोन: "भावजी, बँक अर्ध्यावर आली! काहीतरी झालंय, टीव्हीवाले लपवतायत." त्याच्या ॲपमध्ये बोनसचे शेअर जमा व्हायला दोन-तीन दिवस लागले. तेवढ्या वेळात त्याने निम्मा तोटा झाला म्हणून तीन नातेवाइकांना फोन करून सांगितलं. चौथ्या दिवशी शेअर दिसले, तर "मी म्हटलं नव्हतं, सावरेल म्हणून!"

अळूवडी
मेहुण्याला वृत्तवाहिनीवर जागा द्या.

पाटीवरचा खडू
धागाकर्तीचा मूळ प्रश्न छान आहे, पण हिशेबनीसांनी सोपी बाजू तेवढी सांगितली. स्प्लिट म्हणजे दहाने भागायचं, तिसरीतलं पोरही करील. गंमत पुढे आहे. शाळेत गणित शिकवलंय, त्यामुळे फळ्यावर मांडल्याशिवाय चैन पडत नाही.

आयसीआयसीआय बँक घ्या. २०१४ च्या डिसेंबरात १० ची दर्शनी किंमत २ झाली, एकाचे पाच. मग जून २०१७ मध्ये दहास एक बोनस, म्हणजे दहाचे अकरा. समजा २०१३ मध्ये एखाद्या दिवशी भाव १००० होता. पाचने भागा, २००. मग दहाने गुणून अकराने भागा, १८१ रुपये ८२ पैसे. आता सांगा, २०१३ मध्ये १८१.८२ असा भाव जगात कुणी पाहिला होता का? कुणीही नाही. पण आलेखात तो आहे, पैशांसकट.

त्याच्यावरची पायरी राइट्सची, म्हणजे जुन्या भागधारकांना ठरलेल्या भावाने नवे शेअर घेण्याचा हक्क. स्टेट बँकेने २००८ च्या सुरुवातीला पाचास एक राइट्स दिले, १५९० रुपयांनी. समजा तेव्हा बाजारभाव २१०० होता. पाच शेअर २१०० चे, म्हणजे १०,५००. त्यात सहाव्याचे १५९० घाला. १२,०९० भागिले सहा, २०१५. म्हणजे राइट्समुळे भाव चारेक टक्क्यांनी आपोआप खाली येणार. काही संकेतस्थळं हा चार टक्क्यांचा फरक जुन्या भावांत धरतात, काही धरत नाहीत. दोन ठिकाणी २००५ चा भाव वेगळा दिसला तर कुणीतरी चोर आहे असं समजू नका.

शेवगा
सर, डिव्हिडंडचं पण सांगा ना. काही ठिकाणी दोन रकाने असतात, एक "बंद भाव" आणि एक "समायोजित बंद भाव". दुसरा नेहमी कमी असतो.

पाटीवरचा खडू
शाबास, मागच्या बाकावरून चांगला प्रश्न. त्या दुसऱ्या रकान्यात डिव्हिडंडही वळता केलेला असतो. बँकेने दहा रुपये वाटले की तेवढे रुपये बँकेबाहेर गेले, म्हणून मागचे सगळे भाव तेवढ्या प्रमाणात खाली करतात. कशासाठी? तर "डिव्हिडंड परत त्याच शेअरात घातला असता तर किती झालं असतं" हे दोन तारखांच्या भागाकारातून एकदम निघावं म्हणून. परतावा काढायला तो रकाना उत्तम. पण "त्या दिवशी भाव काय होता" याचं उत्तर तो देत नाही. आणि एक विचित्र गोष्ट: दर वर्षी नवा डिव्हिडंड आला की मागचे सगळे आकडे पुन्हा बदलतात. २०२० मध्ये तुम्ही उतरवून ठेवलेला २००५ चा भाव आणि आज उतरवलेला २००५ चाच भाव जुळत नाही.

तिरकस
दर वर्षी इतिहासाचं पुनर्लेखन, आणि मोर्चाही निघत नाही.

सातारकर
सगळे जण चालू बँकांचे आलेख काढून बसलात. मी बंद पडलेल्या आलेखाबद्दल लिहितो.

युनायटेड वेस्टर्न बँक. १९३६ ची, साताऱ्याची. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत पासबुक तिचं. २ सप्टेंबर २००६ ला रिझर्व्ह बँकेने व्यवहारांवर निर्बंध घातले आणि ३ ऑक्टोबरला ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. भागधारकांना शेअरमागे २८ रुपये रोख मिळाले, आयडीबीआयचे शेअर नाहीत. म्हणजे रेषा तिथेच संपली. आज फोनवर नाव टाकलंत तर काही येत नाही.

हिला निदान २८ तरी आले. २००४ मध्ये ग्लोबल ट्रस्ट बँक ओरिएंटल बँकेत गेली तेव्हा तिच्या भागधारकांच्या हातात शून्य आलं. २०२० च्या नोव्हेंबरात लक्ष्मी विलास बँक डीबीएसच्या भारतीय बँकेत गेली, पुन्हा शून्य. आणि ती ओरिएंटल बँक स्वतःच एप्रिल २०२० मध्ये पंजाब नॅशनलमध्ये विरघळली, हजार शेअरांना ११५०.

"बँकांचे शेअर वीस वर्षं ठेवले तर फायदाच होतो" हे वाक्य मी या संस्थळावर दर महिन्याला वाचतो. आज यादीत असलेल्या बँकांचे जुने भाव बघूनच ते लिहिलेलं असतं. जी गेली तिचा आलेख काढायला कुणी बसत नाही.

कृष्णाकाठ
+१. आमच्या सांगली बँकेचं उलट झालं. १९१६ ची बँक, एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली. ९२५ शेअरांना १००. ज्यांनी ते १०० ठेवले त्यांचा इतिहास आता आयसीआयसीआयच्या आलेखात चालू आहे, पण सांगली बँकेची आधीची नव्वद वर्षं त्यात शोधून सापडायची नाहीत. विलीनीकरणात गिळणाऱ्या बँकेचा इतिहास उरतो.

सातारकर
@कृष्णाकाठ, हाच मुद्दा. आणि भांडण नको, पण कंदी पेढा आमचाच.

कृष्णाकाठ
पेढा तुमचा, भडंग आमचं. धागा भरकटतोय.

शेअरगुरू_९९
बँक निफ्टीमध्ये रोज पक्का नफा!! मागच्या दहा वर्षांच्या भावांवरून तयार केलेलं सूत्र. टेलिग्रामवर या, पहिले ५० जण मोफत.

अळूवडी
पहिले ५० मोफत, मग एकाचे दहा होणार का?

व्यवस्थापक
वरच्या सदस्याचं खातं बंद केलं आहे. प्रतिसाद इतरांच्या करमणुकीसाठी ठेवतो. शेअर विकत घेण्या-विकण्याची शिफारस या विभागात करू नये, कृपया.

एडिसनचा पोपट
न्यू जर्सीहून. आमच्याकडे एचडीएफसी बँकेचा भाव डॉलरमध्ये दिसतो, न्यूयॉर्कच्या बाजारातल्या डिपॉझिटरी रिसीटचा. एका रिसीटमध्ये तीन शेअर. मी बरेच दिवस डॉलरचा भाव रुपयात बदलायचो आणि "अरे, इथे तिप्पट महाग का?" म्हणून बायकोला सांगायचो. ती म्हणायची, इथे कोथिंबीरही तिप्पट महाग आहे.

दुसरं म्हणजे रुपया. धागाकर्तीच्या बाबांनी शेअर घेतले तेव्हा डॉलर ३१ रुपये ३७ पैसे होता. आज पंच्याऐंशीच्या पुढे. तोच आलेख डॉलरमध्ये काढला तर चढ बराच बसका होतो. पुण्यात राहणाऱ्याला याचा उपयोग नाही, परत येऊ म्हणणाऱ्याला आहे.

मध्यरात्रीचा चहा
"परत येऊ म्हणणाऱ्याला" :)) किती वर्षं म्हणताय?

एडिसनचा पोपट
ओरिएंटल बँक होती तेव्हापासून.

वजाबाकी
धागा उशिरा पाहिला. व्यवसायाने करसल्लागार आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, जे पन्नास प्रतिसाद होऊनही कुणी दिलेलं नाही.

अळूवडी
पन्नास नाहीत झाले. करसल्लागार आकडे फुगवतात हे मात्र कळलं.

वजाबाकी
:) मान्य. तर, ताई, शंभर लिहायचे नाहीत आणि दहाही नाहीत. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या नोंदणीकृत शेअरांना एक सवलत आहे. त्या दिवशी बाजारात जो सर्वात वरचा भाव झाला (बंद भाव नव्हे, त्या दिवसाचा उच्चांक), तो आणि तुमचा विक्रीचा भाव यांतला जो कमी, तो घ्या. मग तो आणि मूळ खरेदी यांतला जो जास्त, तो तुमचा खर्च.

स्टेट बँक त्या दिवशी तीनशेच्या थोडी वर होती. उदाहरणाला ३१५ धरतो, नेमका आकडा एक्स्चेंजच्या त्या तारखेच्या भावपत्रकातून घ्या. समजा सगळे ५०० शेअर ९०० ला विकले. शेअरमागे नफा ५८५, एकूण २,९२,५००. वर्षाला सव्वा लाखाचा नफा करमुक्त, उरले १,६७,५००. त्यावर साडेबारा टक्के आणि चार टक्के सेस, मिळून २१,७७५. तुम्ही भाबडेपणाने दहा रुपये लिहिले असते तर हाच कर ४१,६०० झाला असता. त्या एका जुन्या भावाची किंमत जवळजवळ वीस हजार. आणि सगळे लागणार नसतील तर थोडे मार्चमध्ये, थोडे एप्रिलमध्ये विका. सव्वा लाख दोनदा मिळतील.

तिरकस
बरं. जुन्या भावाचा एक उपयोग निघाला. मागे घेतो.

हिशेबनीस
@वजाबाकी, मग इथे स्प्लिट धरलेला भाव घ्यायचा की न धरलेला?

वजाबाकी
याच प्रश्नाची वाट बघत होतो. स्टेट बँकेत २०१८ नंतर स्प्लिट-बोनस काही नाही, त्यामुळे कुठलाही साधा आलेख चालेल. फक्त डिव्हिडंड वळता केलेला रकाना नको. घोळ एचडीएफसी बँकेत होतो, आणि यंदा दोन अशिलांच्या कागदांत पाहिला.

समजा तुमच्याकडे २०१७ पासून १०० शेअर आहेत, तेव्हाची दर्शनी किंमत २ रुपये. ३१ जानेवारी २०१८ चा भाव सोयीसाठी २००० धरा. सप्टेंबर २०१९ मध्ये २ चा १ झाला. २०० शेअर झाले, प्रत्येकी खर्च १०००. इथवर आलेख आणि कायदा बरोबर चालतात. मग ऑगस्ट २०२५ चा बोनस. ४०० शेअर झाले. आता आलेख २०१८ चा भाव आणखी निम्मा करतो आणि म्हणतो ५००. कायदा तसं म्हणत नाही! २०१८ च्या जानेवारीनंतर मिळालेल्या बोनस शेअरचा खर्च शून्य, आणि जुन्या २०० चा खर्च आहे तिथेच, १०००.

डिमॅटमध्ये आधी आलेला शेअर आधी विकला गेला असं धरतात. म्हणून ४०० पैकी २०० विकलेत, समजा ९६० ने, तर करपात्र नफा जवळजवळ काहीच नाही. आलेखातला ५०० लिहिलात तर ९२ हजारांचा नफा स्वतःहून जाहीर केलात. पुढे उरलेले बोनसचे २०० विकाल तेव्हा मात्र सगळी रक्कम नफा. आणि तेही बोनस मिळून वर्ष व्हायच्या आत विकलेत तर वीस टक्क्यांनी. म्हणजे शेवटी चारशेही गेले तर नफ्याची बेरीज जवळपास सारखीच येते, पण लोक एकदम चारशे विकत नाहीत. लागतील तसे विकतात.

पाटीवरचा खडू
वा! म्हणजे एकाच दिवसाचे चार भाव झाले. पेपरात छापलेला, आलेखातला, डिव्हिडंड वळता केलेला आणि आयकर खात्याचा. परीक्षेत विचारण्यासारखं आहे.

शेवगा
मूळ, न बदललेला भाव मिळतो कुठे पण?

हिशेबनीस
दोन्ही एक्स्चेंजच्या संकेतस्थळांवर. रोजची भावकॉपी असते, त्या दिवशी जे झालं ते तसंच्या तसं. तिथे स्टेट बँक २०१४ च्या नोव्हेंबरात एका दिवसात नव्वद टक्के पडलेली दिसेल, घाबरू नका. राष्ट्रीय शेअर बाजारात शेअरांचे व्यवहारच नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झाले, त्याच्या आधीचं हवं असेल तर मुंबई शेअर बाजार. मी नेहमी दोन रकाने शेजारी ठेवतो, एक जसाच्या तसा आणि दुसरा मी स्वतः भागलेला. भागाकार माझा असला की चूकही माझी सापडते.

कोथरूडची काकू
महाबँकेचं कुणीच काढलं नाही म्हणून लिहिते. २००४ चा इश्यू २३ रुपयांना. ना स्प्लिट ना बोनस, त्यामुळे वर चाललेली भागाकाराची भानगड नाही, पेपरात तेच फोनवर. २०२० च्या मार्चमध्ये दहाच्या खाली, २०२४ मध्ये सत्तरीत. सोळा वर्षं ठेवणारा वेडा आणि वीस वर्षं ठेवणारा शहाणा ठरला. मधल्या काळात सरकारने किती नवे शेअर घेतले ते तिरकस यांनी काढावं, त्यांना आवडतं.

तिरकस
काकू, रविवारी काढतो. पोळ्या मोजून.

खिडकीजवळची
सगळ्यांचे आभार, आणि @वजाबाकी यांना साष्टांग. आईचं ऑपरेशन मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आहे. दोन वर्षांत विकायची युक्ती तिला इतकी आवडली की तारीख एप्रिलमध्ये ढकलूया का विचारत होती.

काल संध्याकाळी हा सगळा धागा बाबांना वाचून दाखवला. काही बोलले नाहीत. उठले, कपाट उघडलं आणि वरच्या फळीवरून एक डायरी काढली, जुनी, पोस्टाच्या बचत खात्याची जाहिरात असलेली. (बाबा पोस्टातून निवृत्त झालेत.) आत दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारचा पेपरातला भाव, निळ्या शाईत. १९९४ पासून! कुठेही वीस नाही. सगळीकडे तीन आकडी, मग चार आकडी. २००८ च्या पानावर "राइट्स १० शेअर × १५९० = १५,९००" असं लिहून त्यावर काट मारलेली. विचारलं का नाही घेतले, तर म्हणाले, "तुझी फी भरायची होती." तिथे मी पुढे विचारलं नाही. त्याच्या खालीच पुढच्या वर्षीच्या मार्चातला भाव आहे, हजाराच्या आत, आणि शेजारी छोटी टिकमार्क.

२०१४ च्या नोव्हेंबरात पट्टीने मारलेली लाल रेघ. रेघेखाली त्यांच्या अक्षरात: "एकाचे दहा. यापुढे भाव × १०." आणि खरोखर, नंतरचा प्रत्येक आकडा त्यांनी दहाने गुणून लिहिलाय. आलेखवाले मागचं सगळं दहाने भागतात, बाबा पुढचं सगळं दहाने गुणतात! जून २०२४ ला लिहिलंय "९१२०", पुढे कंसात "उच्चांक, दुसऱ्या दिवशी निवडणुकीचा निकाल, घसरला".

पाटीवरचा खडू
बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांची मोजपट्टी जास्त प्रामाणिक आहे. त्यांच्या लेखी त्यांच्याकडे अजून तेच ५० शेअर आहेत.

सातारकर
डायरी जपून ठेवा. स्कॅन करा.

तिरकस
डिव्हिडंड लिहिलाय का त्यांनी? आलेखात तो कधीच दिसत नाही म्हणून विचारतो.

खिडकीजवळची
मागच्या पानांवर वेगळा रकाना आहे. २०१८, १९, २० तिन्ही वर्षी नुसता भोपळा काढलाय, देठासकट. २०२४ ला "१३.७० × ५०० = ६८५०, पैकी टीडीएस ६८५ कापले". २०२५ ला "१५.९० × ५०० = ७९५०, पूर्ण आले". इथे मात्र ५०० लिहितात, ५० नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "पैसे ५०० चे येतात ना."

अळूवडी
आणि फ्रीज?

खिडकीजवळची
आईने आत्ताच डायरी मागून घेतली आहे. फ्रीज तेव्हा किती रुपयांना होता ते ती पहिल्या पानावर लिहिते आहे.